दीड मिलिमीटर

बॉलपेनने हातावर लिहिलेला आकडा साधारण दीड ते दोन दिवस टिकतो. पहिल्यांदा हात धुतले की रेषांच्या कडा जातात. दुसऱ्यांदा निळ्याचा राखाडी होतो. तिसऱ्यांदा साबण लागला की एक आणि नऊ यांत फरक करता येत नाही. शून्य मात्र शेवटपर्यंत तग धरून असतं. ताईने हे कधी मुद्दाम नोंदवलं नव्हतं. पण चौतीस वर्षं रोज डाव्या हाताच्या आतल्या बाजूला मापं लिहिणाऱ्या बाईला एवढं आपोआप कळतं.

शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेल्या आकड्यांपैकी एक शून्य रविवारी सकाळी अजून तिच्या मनगटापासून चार बोटांवर होतं. टॅटूवाल्या मुलीने ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं.

“हे काय होतं, काकू?”

“माप. पंपाच्या झाकणाचं.”

“आणि आता तिथेच मोजपट्टी काढायची?”

“हो. पंधरा सेंटीमीटर.”

“तिला फार प्रश्न विचारू नकोस गं,” दाराजवळच्या बाकावरून बारक्या म्हणाला. “उठून जाईल. मी वर्षभर मागे लागलोय तेव्हा कुठे या खुर्चीत बसली आहे.”

खुर्ची दातांच्या दवाखान्यात असते तशी होती. तिच्या हात टेकायच्या दांडीवर काळं प्लॅस्टिक गुंडाळलेलं होतं. दुकान पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्री. इस्त्रीच्या वाफेचा वास जिन्यातून वर येत होता. ताईने आल्याआल्या सगळं पाहून घेतलं होतं: सुया बंद पाकिटात आहेत, हातमोजे दर वेळी नवे आहेत, कचऱ्याचा डबा पायाने उघडतो. तिला बरं वाटलं. दुसऱ्याच्या हत्यारांची शिस्त पाहून माणसाची परीक्षा करायची, ही तिला बाबांनी लावलेली सवय.

हातावर लिहिण्याची सवयही त्यांचीच. त्यांचं वर्कशॉप लाकडी पॅटर्न करतं. पंपाचं झाकण असो की गिरणीचं चाक, आधी ते जसंच्या तसं लाकडात घडवायचं. मग फाउंड्रीत तो पॅटर्न वाळूत दाबतात, काढून घेतात, आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओततात. धंदा आजोबांनी सुरू केला, बाबांनी वाढवला. वर्कशॉपमध्ये कागद भुशात हरवतो, हात हरवत नाही, असं बाबा म्हणायचे. रात्री जेवायला बसले की आई त्यांच्या हातावरून वाचायची: “आज मोठं काम दिसतंय. तीन आकडी आहे.” पुढे ताटाशेजारी असे दोन हात दिसू लागले, बाबांचा आणि ताईचा. बाबा जाऊन आता दोन वर्षं झाली.

“हा फॉर्म भरा,” मुलगी म्हणाली. “रक्तदाब, ॲलर्जी... पहिला टॅटू आहे ना? आणि खाली एक प्रश्न आहे, कोणी जबरदस्ती करतंय का.”

“तिथे ‘हो’ लिही,” बारक्या म्हणाला. “पुढे लिही, धाकटा भाऊ, वय सत्तेचाळीस, अक्कल बेताची.”

“अक्कल हा रकाना नाहीये,” ताई म्हणाली आणि ‘नाही’वर खूण केली.

फॉर्म भरायला तिला दीड मिनिट लागलं. आई बाकावर बारक्याच्या शेजारी पर्स मांडीवर धरून, गाडीची वाट पाहत असल्यासारखी बसली होती. ती कौतुकाने नाही, नजर रोखून पाहत होती. ताईला त्याचं कारण ठाऊक होतं. घरी काटेचमच्यांच्या खणात दुसरा एक फॉर्म तीन आठवडे पडून होता. गाडीने पाच तासांवरच्या ओतकाम प्रशिक्षण संस्थेला पॅटर्न शिकवायला माणूस हवा होता. दोन वर्षांचं काम, राहायला खोली. संस्थेच्या प्राचार्य बाईंनी एकदा ताईचं काम पाहिलं होतं आणि तेव्हापासून दर वर्षी त्या पत्र पाठवत होत्या. पहिल्या वर्षी बाबा अंथरुणावर होते. दुसऱ्या वर्षी बाबा नुकतेच गेले होते. गेल्या वर्षी आईचा गुडघा धरला. या वर्षीच्या पत्रात बाईंनी हाताने एक ओळ लिहिली होती: यापुढे विचारणार नाही. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. म्हणजे उद्या.

घरात त्याबद्दल कोणी विचारत नव्हतं. न विचारण्याचाही एक आवाज असतो. गेले तीन आठवडे तो ताईला स्वयंपाकघरात नीट ऐकू येत होता.

*

बारक्या हॉस्पिटलात नर्स आहे. दिवसभर तो लोकांना सुया टोचतो आणि मनगटापासून खांद्यापर्यंत त्याचे स्वतःचे दोन्ही हात गोंदलेले आहेत. लहान मुलांच्या वॉर्डात त्याचा उपयोग होतो. इंजेक्शन घेणारं पोर रडायचं सोडून त्याच्या हातावरचे मासे मोजत बसतं.

सगळ्यांत जुनं चित्र डाव्या मनगटाच्या वर आहे, एक छोटं विमान. एकोणिसाव्या वर्षी मित्राच्या खोलीत काढून घेतलेलं. तेव्हा तोही वर्कशॉपमध्ये होता, कारण घरातला मुलगा दुसरीकडे कुठे असणार? ताईने त्याला बाबांचे दोन जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट बाह्या आत घेऊन दिले. अकरा महिने, ऐन उन्हाळ्यात, त्याने मनगटापर्यंत बटणं लावून रंधा मारला. एक दिवस बाबांच्या हातावर लिहायला जागा उरली नाही. त्यांनी न बघता त्याचा हात ओढला, बाही वर सारली, पेन टेकवलं आणि थांबले. वर्कशॉपमध्ये करवतीचाही आवाज नव्हता. मग बाबांनी विमानाच्या खाली शांतपणे १८४ लिहिलं आणि कामाला लागले. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाले, “विमानाचं शेपूट वाकडं आहे.”

त्याच रात्री ताईने बाबांना सांगितलं, याला लाकडात गोडी नाही, याला नर्सिंगला जायचंय, जाऊ द्या. वर्कशॉपला मी आहे.

‘मी आहे.’ बारक्याला ते दोन शब्द अजून आठवतात. त्याला आता हेही कळतं, की ते म्हणणारी मुलगी सव्वीस वर्षांची होती आणि त्याच्या सहा वर्षं आधी वर्कशॉपला ‘सहा महिन्यांसाठी’ आली होती. बाबा शिडीवरून पडले आणि आठ महिने झोपून होते, तेव्हा ती पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होती. परीक्षेला दोन महिने होते. ती परत गेली नाही. नंतर तिला काम आवडायला लागलं, हेही खरं. पण आवडणं नंतरचं होतं.

या सगळ्याबद्दल तिचे आभार कसे मानायचे, हे त्याला अठ्ठावीस वर्षांत सुचलं नव्हतं. वाढदिवसाला घड्याळ दिलं तर ती विचारायची, “जुन्याला काय झालं?” मग गेल्या वर्षी एकदा तिच्या हातावरचं माप पाहून तो म्हणाला, “इतकी वर्षं हातावर गिऱ्हाइकांचे आकडे वागवलेस. एक काहीतरी स्वतःचं काढ ना. माझ्यातर्फे.” ती हसली होती. पण नाही म्हणाली नव्हती. हे त्याने टिपून ठेवलं.

ताईचा फोन वाजला. एक हात खुर्चीवर बांधल्यासारखा असल्यामुळे तिने आवाज मोठा केला. बारक्याची मुलगी होती. सतत काही ना काही गुणगुणते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. आज ती वर्कशॉपमध्ये एकटी होती.

“आत्या, त्या मधल्या तुकड्याला उतार किती देऊ? वाळूतून सुटला पाहिजे ना.”

“दोन अंश. आतल्या बाजूला तीन.”

“हं. तेवढाच दिलाय.”

“मग विचारलंस कशाला?”

“तुला बरं वाटावं म्हणून. झाला का टॅटू? रडलीस?”

“सुरू पण नाही झालाय. फोन ठेव आणि गोंद वाळेपर्यंत शिकंजा सोडू नकोस.”

“आत्या, शिकंजा मी सहावीपासून लावतेय.”

फोन बंद झाला. बारक्याने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. ताईने दोघांचं हे पाहणं पाहिलं, पण तोवर टॅटूवाल्या मुलीने तिच्या हातावर कागद ठेवला होता. पट्टीचं रेखाटन ताईनेच आठवडाभर आधी करून दिलं होतं. सेंटीमीटरच्या लांब रेषा, अर्ध्याच्या आखूड. मिलिमीटर नकोत असं मुलीनेच सांगितलं होतं. पाच-सहा वर्षांत रेषा पसरतात आणि एकमेकींना चिकटतात. कागद ओला करून दाबला, सोलून काढला, आणि मनगटाच्या घडीपासून कोपराकडे जांभळी पट्टी उमटली.

“हात वाकवला की माप बदलेल,” ताई म्हणाली.

“बदलणारच. कातडं आहे काकू, लाकूड नाही.” मुलीने खणातून पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी काढली. “थांबा, रेषा सरळ आलीय का तपासते.” तिने पट्टी शेजारी लावली. शून्याला शून्य जुळवलं. पुढे नेली. भुवया जवळ आणल्या. पुन्हा लावली. “काकू, रागावू नका हं. तुमची पट्टी खोटी आहे.”

“काय?”

“शेवटी दीड मिलिमीटर जास्त भरतेय. सगळे सेंटीमीटर थोडे थोडे मोठे आहेत.”

ताईचे कान लाल झालेले बारक्याने आयुष्यात तीनदा पाहिले होते. ही चौथी वेळ. ती हाताकडे बघत राहिली, मग डोळे मिटले आणि म्हणाली, “लोखंडाची!”

बारक्याला एक क्षण लागला. मग तो इतका हसला की बाकावर शेजारी वाट पाहत बसलेला, मानेवर वाघ काढून घेणारा एक आडदांड पहिलवान दचकला. “ही... ही वर्कशॉपची पट्टी घेऊन बसली!”

“मग घरात दुसरी आहेच कुठे?” ताई म्हणाली.

“खरंच नाहीये,” आई म्हणाली. “मी पण त्याच पट्टीने कपडे बेतायचे.”

“म्हणून माझे शर्ट ढगळ व्हायचे!”

“पहिल्या धुण्यात आकसून बरोबर बसायचे. तक्रार केलीस कधी?”

एका टक्क्याने शर्ट ढगळ होत नाही, हे ताईला ठाऊक होतं. पण तिने ते बोलून दाखवलं नाही.

“पण पट्टी खोटी कशी असते?” पहिलवानाने विचारलं. “म्हणजे मुद्दाम?”

*

आईला पुढची दहा मिनिटं नंतरही जशीच्या तशी सांगता आली असती.

ताईने पहिलवानाकडे मान वळवली. उलट त्यालाच विचारलं, “समजा तुला शंभर सेंटीमीटरचा लोखंडी पाइप ओतून हवाय. मी लाकडात केवढा करू?”

“शंभर.”

“मी शंभरचा केला. वाळूत दाबला. वाळूत शंभरची पोकळी झाली. तुझ्या लोखंडाने ती भरली. आत्ता ते लोखंड कसं आहे?”

“गरम.”

“किती गरम?”

“वितळलेलं. म्हणजे... लाल.”

“पिवळसर. मग ते गार झालं. गार झाल्यावर?”

पहिलवान विचारात पडला. टॅटूवालीचा हातमोजा घातलेला हात हवेतच थांबला होता. “आकसलं,” ती म्हणाली.

“तू सांगू नकोस, त्याला सांगू दे,” ताई म्हणाली. “आकसलं. मीटरमागे एक सेंटीमीटर. मग तुला पाइप केवढा मिळाला?”

“नव्व्याण्णवचा! तुम्ही फसवलंत मला.”

“हो. म्हणून मी लाकडात एकशे एकचा करायला हवा होता. आता, एका पॅटर्नमध्ये अशी साठ मापं असतात. प्रत्येक वेळी गणित केलं तर काय होईल?”

“चुकणार,” पहिलवान ठामपणे म्हणाला. “साठ गणितं म्हणजे साठ चुका.”

“म्हणून आम्ही गणित पट्टीतच घालून टाकतो. पट्टीच एक टक्का मोठी. तिच्यावर जिथे दहा लिहिलंय, तिथे खरं म्हणजे दहा आणि वर एक मिलिमीटर असतो. अल्युमिनियम असेल तर?”

“तेही आकसणार. जास्त.”

“बरोबर. का वाटलं जास्त?”

“माहीत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून.”

सगळे हसले, ताईसुद्धा. “पण उत्तर बरोबर आहे. प्रत्येक धातूची पट्टी वेगळी.”

“मग तुमच्याकडे खरी पट्टी एकही नाही?”

“एक आहे. वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलेली. ओतलेला भाग गार होऊन आला की मगच ती हातात घ्यायची. आधी घेतली की बाबा ओरडायचे.”

आईने पाहिलं, की बोलताना ताई उजव्या हाताने हवेतच पोकळी करून दाखवत होती, त्यात लोखंड ओतत होती, ते गार होईपर्यंत थांबत होती. आणि पहिलवानाची मान तिच्या हाताबरोबर हलत होती. बाबांनी तिला असंच शिकवलं होतं का? नाही. बाबा एकदा सांगायचे आणि दुसऱ्यांदा ओरडायचे. हे हिचं स्वतःचं होतं. भुंगाला सहावीपासून शिकवता शिकवता आलेलं.

“मग काकू, काय करू? पुसते, खऱ्या पट्टीने परत काढते. पंधरा मिनिटांचं काम आहे.”

“परत काढ,” बारक्या म्हणाला. “आयुष्यभर हातावर चूक कशाला?”

ताईने हात उजेडात वळवला. “राहू दे. हीच काढ.”

“चूक आहे हे माहीत असून?”

“चूक नाहीये. लोखंडाची आहे.”

यंत्र सुरू झालं. मधमाशीपेक्षा जाड, करवतीपेक्षा बारीक आवाज. पहिल्या रेषेला ताईने श्वास रोखला, दुसरीला सोडला. बारक्या उठून तिच्या उजव्या बाजूला स्टुलावर जाऊन बसला आणि तिने मागितला नसताना आपला पंजा पुढे केला. तिने तो धरला. तेवढ्यावरूनही आईला कळलं, की दुखतंय.

या पोराने आपल्या बापाला शेवटची दीड वर्षं दर शनिवारी येऊन आंघोळ घातली होती, पाठीच्या जखमा धुतल्या होत्या, आणि एकदाही नाक मुरडलं नव्हतं. त्या पोरीने त्याच बापाला सकाळ-संध्याकाळ भरवलं होतं आणि मधल्या वेळात वर्कशॉप चालवलं होतं. आई देवाकडे आता काही मागत नसे. मागायचं ते मिळालं होतं, आणि दोघंही समोर बसली होती. राहिलं होतं ते एवढंच, की मिळालेल्यातलं थोडं परत सोडता आलं पाहिजे. ते तिला गेल्या तीन आठवड्यांत जमवायचं होतं आणि जमत नव्हतं. आता ताई खुर्चीला अडकली होती. उठून गॅस बंद करायला जाता येणार नव्हतं.

“उद्या त्या बाईंना काय कळवणार आहेस?” आईने विचारलं.

यंत्राचा आवाज तसाच चालू राहिला.

“आई, इथे नको.”

“घरी तू भांडी वाजवतेस. इथेच बरंय.”

“तुझा गुडघा असा. जिना उतरताना—”

“माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस. आधी बाबा होते, मग बाबा नव्हते, आता गुडघा. वर्षभर तू माझ्या गुडघ्याआड लपतेस. एवढी मोठी बाई, एवढासा गुडघा. मावतेस कशी?”

पहिलवानाने खोकल्यासारखं केलं.

“भुंगा माझ्याकडे राहायला येणार आहे,” आई म्हणाली. “तिला तसंही रोज दोन बस बदलाव्या लागतात. बारक्या शनिवार-रविवार येईल. वर्कशॉपला मिस्त्री आहेत, भुंगा आहे. अडलं तर तुला फोन करतील.”

“नाही अडलं तरी करेल,” बारक्या म्हणाला. “आत्ता केला तसा.”

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंत हे?”

“तिघांनी. मिस्त्री धरून चौघांनी.”

“मला न विचारता.”

“तुला विचारून या घरात काही ठरतं का? तू सगळ्यांचं ऐकून घेतेस आणि मग सगळ्यांचं स्वतःच करून टाकतेस.”

ताईने यंत्राखालच्या हाताकडे पाहिलं. मग हळू म्हणाली, “म्हणजे माझ्यावाचून चालतं तर.”

आईने पर्स मांडीवरून काढून बाकावर ठेवली. “चालत नाही,” ती म्हणाली. “चालवून घेऊ.”

*

सातव्या सेंटीमीटरवर मुलीने यंत्र थांबवलं, जास्तीची शाई कागदाने टिपली आणि विचारलं, “पाणी हवंय?” ताईने मानेनेच नको म्हटलं. दुखणं एका जागी नव्हतं. हाडाजवळच्या रेषा खोल वाटत होत्या, मऊ भागातल्या नुसत्याच भाजल्यासारख्या. मनगटापासून तीन आणि चार यांच्यामध्ये सगळ्यांत जास्त. ती हे मनात नोंदत होती, कारण नोंदत असताना दुसरा विचार करावा लागत नाही.

पण बारक्या हात सोडत नव्हता.

“गुडघा नाही ना?” तो म्हणाला. “मला वाटायचं, आईसाठी अडलंय. खरं काय आहे?”

“काही नाही.”

“तो फॉर्म मी पाहिलाय,” आई म्हणाली. “काटे काढताना. सगळं भरलंय, सुवाच्य. एकच चौकोन रिकामा आहे. शिक्षण.”

मुलीने सुई टेकवलेली नव्हती. ती उगाच शाईची बाटली झाकत बसली. खाली लाँड्रीत कोणीतरी लोखंडी दार सरकवलं.

“काय लिहू तिथे?” ताई म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “तिथे सगळे पदव्या घेतलेले. पोरं विचारतील, बाई, तुम्ही कुठे शिकलात? मी काय सांगू, दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं? आत्ताच बघा. एक मोजपट्टी काढायची होती, ती चुकीची काढून आणली. या मुलीने माझ्यासमोर साधी पट्टी ठेवली आणि मी दीड मिलिमीटर बाहेर.”

बारक्याकडे अशा वेळी एक विनोद हमखास असायचा. आज त्याने तो केला नाही. त्याच्या अंगठ्याचं टोक तिच्या बोटांच्या पेरांवरून फिरत होतं. तिथे पटाशीचे जुने व्रण होते.

“मी एक बोलू का?” पहिलवान म्हणाला. “घरातलं आहे तुमचं, पण बोलतो. मी दहावी तीन वेळा दिली, काकू. तीन वेळा. मास्तर म्हणायचे, याच्या डोक्यात खडे भरलेत. पण ते लोखंडाचं मला कळलं. खरंच कळलं. उद्या मला कोणी विचारलं ना, एकशे एक का, तर मी सांगेन.” तो थोडा लाजला. “ज्यांनी मला शिकवलं त्या सगळ्यांकडे पदव्या होत्या.”

“अल्युमिनियमला?” ताईने विचारलं.

“त्याची वेगळी पट्टी.”

“आणि खरी पट्टी कधी हातात घ्यायची?”

“गार झाल्यावर.”

ताईने मान मागे टेकवली. छताला एक गोल दिवा होता, त्याच्या कडेला एक पतंग चिकटून बसला होता. बऱ्याच दिवसांनी खिडकी उघडल्यावर आधी धूळ येते, तसं काहीतरी तिला वाटलं. या खोलीत तिच्यासाठी चार माणसं थांबली होती. त्यांतली दोन तिची होती आणि दोन तिला दोन तासांपूर्वी माहीतही नव्हती. आईने आपला गुडघा बाजूला केला होता. बारक्याने रजेचा रविवार आणि आपला उजवा पंजा दिला होता, तो आता नक्की बधिर झाला असेल. आपण आजवर सगळ्यांसाठी वाढीव माप धरत आलो असं तिला वाटायचं. तिच्यासाठीही कोणी धरत होतं, हे तिने मोजलंच नव्हतं.

“हात बधिर झालाय का रे?” तिने विचारलं.

“केव्हाच. सोडू नकोस पण.”

“अठ्ठावीस वर्षांपूर्वी तुला शर्टांच्या बाह्या आत घेऊन दिल्या, त्याचं तू इतकं मनाला लावून घेतलंस?”

“शर्टाचं नाही गं.” नाक ओढून तो म्हणाला, “शर्ट तर ढगळच होते.”

“आठवा काढू का?” मुलीने हळूच विचारलं. “की थोडं थांबू?”

“नको थांबू. काढ.”

यंत्र पुन्हा सुरू झालं. आठवी रेषा. साडेआठ. ताईने हात जराही हलवला नाही. नवव्या रेषेला तिने आईकडे पाहिलं. आई आता वाट पाहणाऱ्या बाईसारखी दिसत नव्हती. मागे रेलून बसली होती, पाय लांब केले होते, दुखरा गुडघाही.

“आई,” ती म्हणाली, “भुंगाला सांग, कपाटाचा खालचा कप्पा मी रिकामा करून देते.” आणि मग, यंत्राच्या आवाजावरून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने: “उद्या सकाळी मी त्या बाईंना हो कळवते. मी जाते शिकवायला.”